सहजीवनातील स्वातंत्र्य आणि सोबत : बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून

पती-पत्नीच्या नात्यावर लिहावयाचे तर तो अधिकार मानसोपचारतज्ज्ञांचा किंवा समुपदेशकांचा, असे कोणी म्हणेल. आणि ते वावगेही नाही. तरीही या स्मरणिकेसाठी मी हा विषय निवडला, त्याला कारण आहे. बालरोगतज्ज्ञाच्या टेबलासमोर मूल एकटे कधीच येत नाही. त्याच्यासोबत आई येते, बहुधा वडील येतात, कधी आजी-आजोबाही येतात, आणि त्या सर्वांमधले नातेही न सांगता आत येऊन बसते. मुलांची वजने आणि उंची नोंदविताना हे नाते मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. शिवाय एकमेकांचे किती व्हावे आणि स्वतःचे किती उरावे, या ज्या प्रश्नापाशी आजची तरुण जोडपी अडखळतात, तो प्रश्न माणसाला विवाहानंतर प्रथम पडतो असे नाही. तो पडतो साधारण नवव्या महिन्यात, रांगू लागल्यावर. म्हणजे विषय आमच्याच विभागातला आहे!

स्वातंत्र्य आणि सोबत ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच, असा आपला सर्वसाधारण समज असतो. 'समतोल' हा शब्दच तो समज पक्का करतो. गेल्या सुमारे सत्तर वर्षांतील बालविकासाचा अभ्यास मात्र निराळे सांगतो. सोबत भरवशाची असेल तर स्वातंत्र्य पेलते, आणि ज्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता येते त्याची सोबत दुसऱ्याला ओझे होत नाही. हे सूत्र कोठून आले आणि आपल्या घरांना ते कसे लागू पडते, ते पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

रांगत्या वयातील पहिला धडा

आमच्या तपासणीच्या खोलीत खेळण्यांची एक टोपली असते. दहा-अकरा महिन्यांचे मूल प्रथम आईच्या कुशीत तोंड लपविते. थोड्या वेळाने मान वळवून टोपलीकडे पाहते, मांडीवरून उतरते, रांगत टोपलीपर्यंत जाते, खुळखुळा उचलते आणि लगेच मागे वळून आई जागेवर आहे ना, याची खात्री करून घेते. आई हसली की खेळ पुढे चालू होतो. आई खोलीबाहेर गेली तर खुळखुळा हातातच राहतो, पण खेळ थांबतो. खोली तीच, खेळणे तेच; परतण्याची जागा तेवढी नाहीशी झालेली असते.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७-१९९०) यांनी या वागणुकीवर आपला अनुबंधाचा सिद्धान्त उभारला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये त्यांनी मातृवियोगाचे मुलांवर होणारे परिणाम सांगणारा अहवाल लिहिला. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात आठ दिवस आईविना राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक चित्रपट काढला. त्या काळी ब्रिटिश रुग्णालयांत आईवडिलांच्या भेटीवर कडक बंधने असत. आई आली की मूल रडते, म्हणून तिला दूर ठेवणेच बरे, असा समज होता. या कामामुळे विचार बदलू लागला, आणि १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने भेटीची बंधने सैल करावीत, लहान मुलांसोबत आईला राहू द्यावे, अशा शिफारशी केल्या. आज आपल्या बालरुग्ण विभागात आईला खाटेजवळून उठविण्याचा विचारही कोणी करीत नाही, त्यामागे हा इतिहास आहे.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी प्रथम युगांडात आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे मायलेकरांचे घरोघरी जाऊन निरीक्षण केले. त्यांनी आखलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. वर्ष-दीड वर्षाचे मूल आईसोबत अनोळखी खोलीत येते; आई काही मिनिटांसाठी बाहेर जाते आणि परत येते. सारा प्रयोग वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. मूल आई गेल्यावर किती रडले यापेक्षा ती परत आल्यावर कसे वागले, याला एन्सवर्थ यांनी अधिक महत्त्व दिले. बहुसंख्य मुले आईला बिलगतात, शांत होतात आणि पुन्हा खेळू लागतात. हा सुरक्षित अनुबंध. काही मुले आईकडे पाहतही नाहीत. जणू काही झालेच नाही. हा टाळणारा अनुबंध. काही मुले आईला घट्ट धरतात, त्याच वेळी तिला ढकलतात, आणि शांत होत नाहीत. हा चिंतातुर अनुबंध. सुरक्षित मूलच खोलीत अधिक दूरवर जाऊन खेळते, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. जवळीक मिळाल्याने ते परावलंबी झाले नाही, धीट झाले.

एकटे असण्याची क्षमता

डोनाल्ड विनिकॉट (१८९६-१९७१) हे लंडनमधील बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन येथील मुलांच्या रुग्णालयात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काम केले. एकटे असण्याच्या क्षमतेवरील त्यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील विचार वरवर विरोधाभासी वाटतो. माणूस एकटा राहावयास शिकतो तो कोणाच्या तरी सहवासातच, असे ते मांडतात. आई खोलीत आहे, पण ती मुलाला सतत हलवीत नाही, बोलवीत नाही, खेळवीत नाही. आणि मूल आपल्याच नादात बोटांशी खेळत आहे. तो निवांतपणा त्याच्या मनात साठतो आणि पुढे जन्मभर पुरतो.

याचे मोठेपणीचे रूप आपल्या परिचयाचे आहे. संध्याकाळी एकाच खोलीत एकजण वाचीत बसला आहे, दुसरी व्यक्ती आपले काही करीत आहे, अर्धा तास कोणी बोललेले नाही, आणि तरीही कोणाला काही खटकत नाही. ही शांतता आणि अबोला यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जोडप्याला ते अंतर बरोबर कळते.

मार्गारेट माहलर या मूळच्या बालरोगाच्याच विद्यार्थिनी. त्यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात दुसऱ्या वर्षातील एक विलक्षण टप्पा वर्णिला आहे. चालायला लागल्यावर जगभर हिंडणारे मूल साधारण पंधरा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान पुन्हा आईला चिकटते. 'घे' म्हणते, आणि घेतले की 'सोड' म्हणते. माता तक्रार घेऊन येतात, "डॉक्टर, याचं काय करू? मागे गेलाय का हा?" मागे गेलेला नसतो. आपण आईहून वेगळे आहोत, हे त्याला कळलेले असते, आणि त्या कळण्याची भीतीही वाटत असते. या टप्प्यात जी माता चिडून दूर लोटीत नाही आणि धाकाने बांधूनही ठेवीत नाही, तिचे मूल तो टप्पा सहज ओलांडते. लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पुष्कळ जोडप्यांत मला हेच 'घे' आणि 'सोड' ऐकू येते. फक्त शब्द मोठ्या माणसांचे असतात.

मोठ्यांच्या नात्यात तेच सूत्र

बाळ आणि आई यांच्यातील हे सूत्र प्रियकर-प्रेयसी किंवा पती-पत्नी यांना लागू पडते काय, हा प्रश्न सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये विचारला. डेन्व्हरमधील एका वृत्तपत्रात त्यांनी प्रेमसंबंधांविषयीची प्रश्नावली छापली. आलेल्या ६२० उत्तरांतील सुमारे ५६ टक्के लोकांनी स्वतःला सुरक्षित, २५ टक्क्यांनी टाळणारे आणि १९ टक्क्यांनी चिंतातुर गटात बसविले. वृत्तपत्र वाचून स्वेच्छेने उत्तरे पाठविणाऱ्यांचा हा नमुना होता, म्हणून आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. परंतु या अभ्यासाने एक वाट उघडली.

पुढच्या अभ्यासांपैकी दोन येथे सांगण्याजोगे आहेत. जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सोळा विवाहित स्त्रियांच्या मेंदूचे एमआरआय यंत्रात चित्रण केले. विजेचा सौम्य झटका बसण्याची शक्यता आहे, अशी सूचना त्यांना दिली जाई. हात कोणीच धरलेला नसताना, अनोळखी माणसाने धरला असताना आणि पतीने धरला असताना, अशा तिन्ही वेळी मेंदूची प्रतिक्रिया पाहिली. पतीचा हात हाती असताना धोक्याची प्रतिक्रिया सर्वांत अधिक शमली. आणि ज्यांचे वैवाहिक नाते अधिक समाधानाचे होते, त्यांच्यात ती आणखी शमली. नमुना लहान होता. पण भरवशाची सोबत ही केवळ काव्यातली गोष्ट नसून ती मज्जासंस्थेपर्यंत पोहोचते, एवढे त्यातून दिसले.

दुसरा अभ्यास ब्रूक फीनी यांचा, २००७ चा. एखाद्याची आधाराची गरज जोडीदाराने निमूटपणे आणि मनापासून स्वीकारली, तर ती व्यक्ती अधिक परावलंबी होते की अधिक स्वतंत्र? सहा महिन्यांच्या अंतराने पाहिले असता अशा व्यक्ती अधिक स्वतंत्र झालेल्या आढळल्या. ठरविलेली कामे त्यांनी स्वतःच पार पाडली. फीनी यांनी याला अवलंबनाचा विरोधाभास म्हटले आहे. टोपलीकडे रांगत जाणारे मूल आणि नवी नोकरी धरू पाहणारी पस्तिशीतली पत्नी, दोघांचे शास्त्र एकच निघाले.

येथे एक इशारा आवश्यक आहे. बालपणाचा ठसा म्हणजे ललाटलेख नव्हे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे मुलांचा जन्मापासून तारुण्यापर्यंत पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष जेफ्री सिम्पसन आदींनी २००७ मध्ये मांडले. पहिल्या वर्षातील अनुबंध, शालेय वयातील मुलांशी वागणे, सोळाव्या वर्षीची मैत्री आणि विशीतील प्रेमसंबंध ही एकापुढे एक गुंफलेली साखळी त्यांना दिसली. साखळीची प्रत्येक कडी पुढच्या कडीवर परिणाम करते, म्हणजेच मधल्या प्रत्येक कडीपाशी दिशा बदलण्याची संधीही असते. चांगला मित्र, चांगला शिक्षक, चांगला जोडीदार ही दिशा बदलू शकतो.

आपल्या घरांतील गणित

वरील अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य आहेत. तेथील आदर्श म्हणजे एकट्याने उभा राहणारा माणूस. आपल्याकडे 'स्वतंत्र' हा शब्द सुनेबद्दल वापरला तर तो बहुधा तक्रारीचाच असतो. म्हणून तुर्की मानसशास्त्रज्ञ चिदेम काउत्चिबाशी (मृत्यू २०१७) यांचे विवेचन मला अधिक जवळचे वाटते. त्या सांगतात की आपण दोन वेगळ्या मोजपट्ट्या एकच समजतो. इतरांपासून किती अंतरावर राहतो, ही एक मोजपट्टी. आपले निर्णय किती आपले असतात, ही दुसरी. दूर राहणारा माणूसही इतरांच्या दडपणाखाली जगू शकतो, आणि एकत्र कुटुंबात राहणारी व्यक्तीही मनाने स्वायत्त असू शकते. जवळीक आणि स्वायत्तता एकत्र नांदू शकतात, हेच आपल्या समाजांना पोषक आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

आपल्या परंपरेतही याला दाखला आहे. घारापुरीच्या लेण्यातील अर्धनारीनटेश्वर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. देह एक, परंतु उजवा भाग शिवाचा, डावा पार्वतीचा. शिल्पकाराने दोघांना एकजीव केले, पण एकसारखे केले नाही. विवाहविधीतही सातवे पाऊल सख्याचे मानले आहे. आणि सख्य दोन वेगळ्या व्यक्तींतच संभवते.

इतिहासातील दोन जोड्यांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्यामागे गोपाळरावांचा हट्ट होता, हे सर्वश्रुत आहे. त्या हट्टापायी कोवळ्या वयात त्यांना मारही सोसावा लागला, हे त्यांच्या पत्रांतून कळते. दुसऱ्याने लादलेले स्वातंत्र्य हे खरे स्वातंत्र्य नव्हे. पण फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे त्या स्वतः सभेत उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेस का जात आहोत, हे त्यांनी सांगितले, तेव्हा तो निर्णय त्यांचा झाला. १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी मृत्यूने गाठले.

रमाबाई रानडे यांचे उदाहरण वेगळे. घरातील स्त्रियांचा विरोध असतानाही न्यायमूर्तींनी त्यांना शिकविले. ते नाते आजच्या अर्थाने समानतेचे नव्हते, हे मान्यच करावे लागेल. परंतु १९०१ मध्ये पती निवर्तल्यावर रमाबाई खचून बसल्या नाहीत. पुण्याचे सेवासदन १९०९ मध्ये उभे राहिले आणि १९१० मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. सोबत कशी होती, याची खरी परीक्षा सोबत संपल्यावर होते.

आपल्या व्यवसायातील उदाहरण हवे असेल तर गडचिरोलीच्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्याकडे पाहावे. ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांवरील 'लॅन्सेट'मधील १९८९ च्या शोधनिबंधात पहिले नाव राणीताईंचे आहे, दुसरे अभय बंग यांचे. घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्यासंबंधीच्या १९९९ च्या निबंधात, ज्याचे ऋण आम्ही बालरोगतज्ज्ञ कायम मानतो, पहिले नाव अभय बंग यांचे, दुसरे राणीताईंचे. संस्था एक, गाव एक, काम एकमेकांत गुंतलेले. तरीही प्रत्येकाचा स्वतःचा प्रश्न आहे, आणि दुसऱ्याच्या प्रश्नात दुसरे नाव लावण्यात कोणाला कमीपणा वाटलेला नाही. सहजीवनाची इतकी नेमकी व्याख्या मला अन्यत्र आढळलेली नाही.

खाली रुग्णालय, वर घर

आपल्या मंडळातील अनेक दाम्पत्ये डॉक्टर-डॉक्टर आहेत. खाली रुग्णालय आणि वर घर, ही आपली रूढ वास्तुरचना. पत्नी प्रसूतितज्ज्ञ, पती भूलतज्ज्ञ. रात्री दोन वाजता सिझेरियनला दोघेही एकत्र, सकाळी राउंडला एकत्र, आणि जेवताना विषय विम्याच्या अडकलेल्या बिलांचा. चोवीस तास सहवास, पण सोबत किती? सहवास घड्याळाने मोजता येतो, सोबत तशी मोजता येत नाही. अशा घरात दोघांनाही एकांत मिळत नाही आणि दोघांना मिळूनही एकांत मिळत नाही. दारावरची पाटीही पुष्कळदा बोलकी असते. पतीचे नाव वर, मोठ्या अक्षरांत, आणि खाली 'डॉ. (सौ.)'. पदव्या सारख्या असल्या तरी मुलांच्या परीक्षा आल्या की वेळा कोणाच्या कमी होतात, हे सांगावयास नको.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या गावांत आणखी एक गोष्ट घडते. सून पुण्याहून, साताऱ्याहून किंवा नागपुराहून येते. येथे तिची मैत्रीण नाही, भाऊ नाही, बाजारातली भाषा वेगळी. पतीचे बालमित्र येथेच आहेत, त्याची शाळा येथे आहे, भिंतीभिंतीला त्याची ओळख आहे. तिला मात्र जगाशी जोडणारा एकच दरवाजा, आणि तो म्हणजे पती. मग तो तासभर उशिरा आला की तिला एकाकी वाटते, आणि तिची विचारपूस त्याला पाळत वाटते. येथे दोष कोणाच्या स्वभावाचा नसतो. एका माणसावर साऱ्या गावाचा भार पडलेला असतो. अशा वेळी तिला तिचे स्वतःचे वर्तुळ मिळवून देणे, मग ते काम असो, गायनाचा वर्ग असो वा आपल्या मंडळाची समिती, हा त्या दोघांच्या नात्यावरचाच उपचार होय.

बाळ आल्यानंतर

नाते सर्वाधिक ताणले जाते ते पहिल्या बाळानंतर. एक नमुना सांगते. तो कोणा एका घराचा नाही, अनेक घरांचा मिळून झालेला आहे. बाळ चार महिन्यांचे. आईला दिवसभरात आंघोळीपुरताही एकांत नाही. सायंकाळी ती बाळाला पतीच्या हाती देऊ पाहते आणि दिवसभराचे सारे सांगू पाहते. तो थकून आलेला. तो मोबाइल घेऊन आतल्या खोलीत जातो. ती मागोमाग जाते. ती जितकी मागे जाते तितका तो आत जातो, आणि तो जितका आत जातो तितकी ती मागे लागते. तिला वाटते, याला माझी गरज उरली नाही. त्याला वाटते, हिला माझे काहीच पुरेसे वाटत नाही. एन्सवर्थ यांच्या खोलीतले चिंतातुर मूल आणि टाळणारे मूल येथे एकमेकांशी संसार करीत आहेत. दोघांनाही हवे आहे ते एकच, की परतण्याची जागा शाबूत आहे, याची खात्री.

म्हणून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीकरणाच्या वेळी मी बाळाच्या वजनासोबत तीन प्रश्न विचारते. आईची सलग झोप किती होते? दिवसातून अर्धा तास तरी तिचा एकटीचा असतो काय? आणि बाळाव्यतिरिक्त दुसऱ्या एखाद्या विषयावर दोघे शेवटचे केव्हा बोललात? तिसऱ्या प्रश्नावर दोघे एकमेकांकडे पाहतात आणि बहुधा हसतात. जेथे हसू येत नाही, आईचे डोळे कोरडे आणि बोलणे तुटक असते, तेथे प्रसूतिपश्चात नैराश्याची शंका घ्यावी. १९८७ पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली पाच मिनिटांत भरून होते. 'नाते बिघडले आहे' असे ज्याला घरचे म्हणतात, तो कित्येकदा उपचाराने बरा होणारा आजार असतो.

काही व्यवहार्य सूचना

१. निरोप आणि परतणे सांभाळावे. घरातून जाताना आणि घरी आल्यावरची पहिली पाच मिनिटे मोबाइल, टपाल आणि तक्रारी बाजूला ठेवून एकमेकांना द्यावीत. बाळाप्रमाणे मोठ्यांचेही नाते पुनर्भेटीच्या क्षणी कळते.

२. एकांत मागून घ्यावा, चोरून नव्हे. "मला तासभर एकटीला बसायचंय, साडेसातला चहाला येते" असे सांगून गेलेली व्यक्ती आणि तोंड फिरवून गेलेली व्यक्ती, दोघीही तासभरच दूर असतात; परंतु पहिलीने परतण्याची वेळ सांगितलेली असते.

३. प्रत्येकाची एक गोष्ट अशी असावी की जी दुसऱ्याची नाही. व्यायाम, संगीत, जुने मित्र, अभ्यास. तीत जोडीदाराने रस घ्यावा, ताबा घेऊ नये.

४. आधार मागितला असता प्रथम आधार द्यावा, उपदेश मागाहून. ही सूचना आम्हा डॉक्टरांना विशेषेकरून लागू आहे, कारण तक्रार ऐकताच औषध लिहिण्याची आपली सवय.

५. खाली रुग्णालय असणाऱ्यांनी रात्री अमुक वाजल्यानंतर तातडीच्या रुग्णाखेरीज रुग्णालयाचा विषय वर आणू नये.

६. बँकेचे व्यवहार, विम्याची कागदपत्रे, स्वयंपाकघर आणि औषधांचा डबा यांची माहिती दोघांनाही असावी. गरज नसताना ती करून घ्यावी.

जेथे समतोलाची भाषा थांबते

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जोडीदाराचा फोन तपासणे, चोवीस तास ठावठिकाणा कळविण्याची सक्ती, पगार काढून घेणे, माहेरी किंवा मैत्रिणीकडे जाऊ न देणे, ही अतिप्रेमाची लक्षणे नव्हेत. ती सत्तेची लक्षणे आहेत. विश्वासाने दिलेला पासवर्ड आणि धाकाने घेतलेला पासवर्ड एकच अक्षरे घेऊन येतात, पण त्यांचा अर्थ उलट असतो. कसोटी सोपी आहे. 'नाही' म्हणताना भीती वाटते काय? वाटत असेल तर 'थोडे तू सोड, थोडे तो सोडेल' असा सल्ला देणे अन्यायाचे होईल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शारीरिक छळाबरोबरच मानसिक आणि आर्थिक छळाचाही अंतर्भाव आहे. स्त्रियांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे आणि मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक सुरू झाला आहे. प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर हे दोन्ही क्रमांक लावावेत, अशी या निमित्ताने माझी विनंती आहे.

समारोप

आपल्या समाजातील मुले आज बंगळुरू, पुणे आणि परदेशी आहेत. मोठ्या घरांत दोघेच उरली आहेत, आणि निसर्गक्रमाने कधी ना कधी त्या दोघांपैकी एकच उरणार आहे. चहाचा डबा कोठे आहे हे माहीत नसलेले विधुर आणि पासबुक कधी उघडून न पाहिलेल्या विधवा मी नातवंडांसोबत येताना पाहिल्या आहेत. त्यांचे एकमेकांवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? परंतु त्या प्रेमाने एकाला दुसऱ्यावाचून उभे राहण्याची तयारी करून दिलेली नव्हती. तशी तयारी करून देणे हेही प्रेमाचेच काम आहे, आणि ते चाळिशी-पन्नाशीतच हाती घ्यावे लागते.

शेवटी बालरोगतज्ज्ञ म्हणून एवढेच सांगेन. मुले आपला उपदेश थोडा आणि आपले वागणे पुष्कळ शिकतात. आई वर्गाला निघाली की बाबा कुरकुरत नाहीत, बाबा परत आले की आई मान वर करून पाहते, दोघांचे मत वेगळे असले तरी दोघे एका ताटाशी बसतात, हे पाहत वाढलेल्या मुलाला पुढे स्वातंत्र्य आणि सोबत यांत निवड करावी लागत नाही. दोन्ही एकाच घरात राहतात, हे त्याने पाहिलेले असते.